सोलर आणि मुंगवड्या

गच्चीवर सोलर बसवायचं मी ठरवलं, आगाऊ पैसे भरले, माणूस बोलावला, आणि हे सगळं होईपर्यंत बायकोला एका शब्दानं सांगितलं नाही. आज हे लिहिताना माझं मलाच कसंसं होतं. तेव्हा मात्र मी भलताच खुशीत होतो. तिला चकित करायचं, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं कारण वेगळं होतं. घरातले मोठे खर्च मीच ठरवायचे, ही तीस वर्षांची सवय होती, आणि सवयीला कारण लागत नाही.

मी पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागलो आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. बोरगाव मेघेत आमचं घर आहे. खाली तीन खोल्या आणि स्वयंपाकघर, बाहेरून जिना, वर मोकळी गच्ची. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, तेव्हापासून आम्ही दोघंच. नोकरीत होतो तोवर माझी दुपार सरकारी पंख्याखाली जायची. निवृत्तीनंतरचा पहिला मे महिना घरात काढला आणि वर्धेची दुपार काय असते ते मला कळलं. सकाळी दहाला लावलेला कूलर संध्याकाळपर्यंत बंद करायची सोय नव्हती. जूनमध्ये बिल आलं ते मी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"एवढं बिल?" मी म्हणालो.

"तुमी दिवसभर कूलर लावता न," ती म्हणाली. "मी एकटी असो तं दुपारी लावतच नव्हती."

तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. शेंगा सोलता सोलता सहज बोलली. पण माझ्या मनात ते रुतून बसलं. तीस उन्हाळे ही बाई या घरात दुपारी कूलर न लावता राहिली होती, आणि मला ते बिलामुळे कळत होतं.

नालवाडीत एका सोलरवाल्याचं छोटंसं दुकान आहे. पन्नाशीचा माणूस, आधी घरोघरी वायरिंग करायचा, मग या धंद्यात आला. दिवाळीनंतर एकदा मी त्याच्याकडे गेलो. त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि माझ्या बिलावरचे युनिट तेवढे पाहून म्हणाला, "तुमाले तीन किलोवॅट पुरून जाईन, भाऊ. सहा पॅनल. सारं मिळून एक लाख नव्वदच्या आसपास. त्यातले अठ्ठ्याहत्तर हजार केंद्र सरकार वापस देते."

"म्हणजे आपण एक लाख बारा हजारच भरायचे?"

"नाई नाई. आधी पूर्णे भरा लागतात. सोलर चालू झालं, तपासणी झाली, की मंग सबसिडी खात्यात येते. बँका यासाठी कमी व्याजात कर्ज बी देतात."

राज्याकडून काही मिळतं का, तेही मी विचारलं. तो म्हणाला, ज्यांचा वापर अगदी थोडा आहे त्यांच्यासाठी राज्याचं वेगळं काहीतरी आहे, पण तुम्ही त्यात बसत नाही. मी कारकुनी डोक्यानं हिशोब केला. पाच-सहा वर्षांत पैसे वसूल, आणि पॅनलची हमी पंचवीस वर्षांची. पंचवीस वर्षं मी जगणार नव्हतो, पण आकडा ऐकायला छान होता. थोडे दिवस विचार केला आणि जानेवारीअखेर जाऊन पाच हजार रुपये आगाऊ देऊन आलो.

आता गच्चीबद्दल सांगायला हवं. माझ्यासाठी गच्ची म्हणजे घराचं झाकण होतं. टाकी भरली का, पाणी गळतं का, एवढं बघायला मी वर्षातून चार-सहा वेळा वर जायचो. बायकोचं तसं नव्हतं. संक्रांत झाली की तिचा मोसम सुरू व्हायचा. तिचं माहेर आष्टीचं. तिथल्या बाजारातून तिचा भाऊ मूग पाठवायचा. भिजवलेली डाळ सकाळी जाडसर वाटायची, त्यात आलं, मिरची, कोथिंबीर घालायची आणि जुन्या सुती साड्यांवर बोटांनी एकेक मुंगवडी तोडत जायची. मग कुरड्या, मग पापड, मग भरलेल्या मिरच्या. गल्लीतल्या तीन बायका तिच्या सोबतीला असायच्या. सुरुवातीला घरापुरतं होतं ते हळूहळू विकायला जाऊ लागलं. पुण्या-मुंबईला शिकायला गेलेल्या पोरांच्या आया येऊन किलोकिलोनं वड्या न्यायच्या. त्याचे पैसे ती कुठं ठेवायची, किती मिळायचे, मी कधी विचारलं नाही. "बायकोचा टाइमपास आहे," असं मी ऑफिसात सांगायचो.

सोलरवाला आला तो फेब्रुवारीतल्या एका सकाळी, अकराच्या सुमारास. गच्चीच्या दक्षिण बाजूला चार साड्या अंथरलेल्या, त्यांवर ओल्या वड्यांच्या रांगा, आणि कडेला बायको आणि शेजारची एक काकू हात पिठानं माखून बसलेल्या. तो माझ्या मागोमाग बूट घालूनच वर चढला, टेप काढली आणि एका साडीच्या कडेकडेनं मापं घेऊ लागला.

"दक्षिणेची बाजू एकदम मोकळी हाय, भाऊ. वायर बी इथून सरळ खाली मीटरवर जाते. फक्त हे सारं उचलावं लागन."

बायकोनं मान वर केली. "कायचं उचलावं लागन?"

मी घसा साफ केला. "सोलर बसवून राह्यलो आपण."

"आपण म्हणजे कोण?"

शेजारच्या काकूनं वड्या तोडणं थांबवलं. सोलरवाल्याला वाटलं, बाईंना योजना माहीत नसेल. तो उत्साहानं सांगायला लागला. "काकू, सबसिडी भेटते. अठ्ठ्याहत्तर हजार. बिल एकदम कमी होऊन जाईन."

"ते चांगलंच हाय," ती म्हणाली. "पण मी वड्या कुठी घालू?"

सोलरवाल्यानं टेप खाली ठेवली. विषय बदलावा म्हणून त्यानं मला बिल मागितलं. मी खाली जाऊन फाइल घेऊन आलो. त्यानं बिल पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग हिच्याकडे पाहिलं.

"भाऊ, हे मीटर तं काकूच्या नावानं हाय."

"असेल. मग?"

"मंग अर्ज काकूचाच लागते. आधार काकूचं, मोबाइल काकूचा, बँकेचं खातं काकूचं. सबसिडी बी त्यायच्याच खात्यात येते. सही त्यायची."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. प्लॉट घेतला तेव्हा माझ्याजवळ अर्धेच पैसे होते. अर्धे सासऱ्यांनी दिले, आणि देताना एकच अट घातली की प्लॉट पोरीच्या नावानं होईल. मी तेव्हा हसून हो म्हटलं होतं. घरटॅक्स, पाणीपट्टी, विजेचं बिल, सगळ्यांवर तेव्हापासून तिचंच नाव येत होतं. तीस वर्षं ती बिलं मी भरली, आणि भरणाऱ्याला नाव वाचायची गरज पडत नाही.

बायकोनं हातावरचं पीठ पातेल्याच्या काठाला पुसलं. "मंग माझी सही नाई," ती म्हणाली आणि परत वड्या तोडायला बसली.

आमच्या घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. ती वेळेवर चहा द्यायची, जेवायला वाढायची, औषधाची आठवण करायची. मी चार दिवस कागदावर आकडे मांडून तिला दाखवत राहिलो. कर्ज किती, व्याज किती, दरमहा वाचणार किती. ती ऐकून घ्यायची. पाचव्या दिवशी तिनं कागद माझ्या हातातून घेतला, घडी केली आणि टेबलावर ठेवला.

"आकडे बराबर असतीन तुमचे. मी कधी म्हणलं चूक हाय म्हणून? पण तुमी मले विचारलं काऊन नाई?"

मी म्हणालो, "तुला चकित करायचं होतं."

"झाली मी चकित," ती म्हणाली.

मग मी पर्याय शोधत हिंडलो. पॅनल आठ फूट उंचीवर बसवले तर खालून चालता येईल, असं सोलरवाला म्हणाला. लोखंडी सांगाडा उंच होणार, त्याचे पंधरा-अठरा हजार वाढणार, आणि त्या वाढीव खर्चाला सबसिडी नाही. सोलर बसवलं की घरटॅक्समध्ये सूट मिळते, असं कुणीतरी सांगितलं म्हणून ग्रामपंचायतीत गेलो. तिथला बाबू चांगला माणूस होता. "काही शहरांत असते म्हणे," तो म्हणाला, "आपल्या इथं नाई आलं अजून. आलं तं पहिले तुमालेच सांगीन." घरी येऊन मी उंच सांगाड्याची गोष्ट बायकोला सांगितली.

"वर पॅनल आले तं खाली सावली पडन," ती म्हणाली. "सावलीत वड्या वाळतात का?"

इतकं साधं होतं ते, आणि मला सुचलं नव्हतं. पॅनलला जे ऊन पाहिजे होतं, तेच वड्यांनाही पाहिजे होतं.

त्याच आठवड्यात तिच्या सोबतीच्या तिघीही एका लग्नाला गावी गेल्या. भिजलेली डाळ तर वाट बघत नाही. सकाळी ती एकटीच मोठं पातेलं घेऊन जिना चढताना मी पाहिली. मी दुसरं पातेलं उचललं. ती थबकली, पण नको म्हणाली नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा गच्चीवर सकाळपासून दुपारपर्यंत बसलो. वडी तोडायला मला जमलं नाही. माझ्या वड्या कुठं सुपारीएवढ्या तर कुठं लिंबाएवढ्या होत होत्या. तिनं मला साड्या ताणून धरायचं आणि कडेला विटा ठेवायचं काम दिलं. ते मी मन लावून केलं.

बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की ती मधूनच उठते आणि एखादी साडी दोन-तीन हात सरकवते.

"कशाला सरकवतेस?"

"आता अर्ध्या घंट्यानं इथी निंबाची सावली येईन."

अर्ध्या तासानं खरंच पलीकडच्या कडुनिंबाच्या शेंड्याची सावली तिथं आली. तिनं घड्याळ पाहिलं नव्हतं. मी विचारत गेलो आणि ती हात चालवता चालवता सांगत गेली. चैत्रात ऊन कुठून चढतं, कोणत्या कोपऱ्यात वारं लागतं, कुठली फरशी चारनंतरही तापलेली असते, कुरड्या कुठं आणि मिरच्या कुठं. तीस वर्षं रोज वर येऊन तिनं आमच्या गच्चीचं ऊन पाठ केलं होतं. आणि मी आयुष्यभर पाटबंधाऱ्याच्या नकाशांना शिक्के मारत आलेला माणूस, मला माझ्या घराची दक्षिण कुठली तेही नीट ठाऊक नव्हतं.

दुपारी खाली उतरताना मी म्हणालो, "चूक झाली माझी. तुला विचारायला पाहिजे होतं. नको असेल तर पाच हजार गेले तर गेले. नाही बसवायचं."

ती जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबली. "मी सोलर नको कधी म्हणलं?" ती म्हणाली. "उन्हाळ्यात मी बी शिजतेच न या घरात. त्या माणसाले परत बोलवा. अन् म्हणा, बूट खाली काढून येजा."

तो आला, आणि बूट खाली काढून आला. बायको आधीच गच्चीवर होती. हातात विटेचा तुकडा होता.

"तुमी पॅनल दक्षिणेकडे लावतो म्हणता," तिनं सुरुवात केली. "हे पलीकडचं घर पाहा. दोन वर्षं झाले, त्यायनं वरचा मजला चढवला. आता फेब्रुवारीत त्याची सावली कठड्याच्या थोडीशीच अलीकडे येते. पण पौषात किती येते ठाऊक हाय?"

तिनं दक्षिणेच्या कठड्यापासून पावलं मोजली आणि फरशीवर विटेनं एक लांब रेघ ओढली. कठड्यापासून दहा-बारा फूट आत. "सकाळी इथंवर. हिवाळ्यात गाद्या या रेघेच्या अन् कठड्याच्या मधात उन्हाले टाकल्या तं अकरा वाजेपर्यंत गार राहातात. दुपारी सावली मागं जाते, पण पूरी जात नाई. तुमचे पॅनल सावलीत काम करतात का?"

"नाई, काकू. एका पॅनलवर बी सावली पडली तं सगळ्या लायनीले फरक पडते."

"मंग?"

सोलरवाल्यानं खिशातून मोबाइल काढला. त्यात कुठल्याही महिन्यातलं ऊन दाखवणारं काहीतरी होतं. त्यानं डिसेंबर लावला, पलीकडच्या घराच्या दिशेनं मोबाइल धरला, मग तिनं ओढलेल्या रेघेकडे पाहिलं. पुन्हा मोबाइलकडे पाहिलं. मी बाजूला उभा होतो. त्याच्या चेहऱ्यावरचा बदल मला अजून दिसतो.

"भाऊ," तो मला म्हणाला, "मी त्या दिवशी इथीच लावून देणार होतो. हिवाळ्यात तुमी मले शिव्या देल्या असत्या."

"पॅनल उत्तरेकडे घ्या," बायको म्हणाली. तिथं आमचा मोडका कूलर, जुनी खाट आणि रंगाचे रिकामे डबे पडले होते. "तिथी वर्षभर सावली येत नाई. निंब बी तिथवर पोचत नाई. मले दक्षिण पाहिजे फक्त आतापासून मिरगापर्यंत. आता सूर्य वर चढत जाते, त्या घराची सावली दिवसेंदिवस मागं जाते. तुमाले वर्षभराचं ऊन भेटन, मले माझं उन्हाळ्याचं."

मी दोघांकडे पाहत राहिलो. गेले पंधरा दिवस मला वाटत होतं की एकाला मिळालं की दुसऱ्याचं जाणार. एका गच्चीवर दोन वेगवेगळी उन्हं असतात हे तिला माहीत होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मग तिनं त्याला प्रश्न विचारले. गारपीट झाली तर काच फुटेल का. वानरांनी उड्या मारल्या तर काय. धुवायला पाणी किती लागेल आणि कोण धुणार. सांगाड्यासाठी स्लॅबला भोकं पाडणार, ती पावसाळ्यात गळली तर जबाबदारी कोणाची. तो माणूस एकेक उत्तर देत गेला. शेवटचं उत्तर तिनं त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं. वायर लांब पडणार होती, त्याचे थोडे पैसे वाढले. आठ फुटांचा उंच सांगाडाही तिनंच घ्यायला लावला. "खाली सावलीत बसून जेवता येईन आमाले," ती म्हणाली. मला तोवर वाटत होतं, त्या बायका जेवायला आपापल्या घरी जातात.

अर्ज भरताना तिच्या मोबाइलवर ओटीपी आला. सोलरवाला म्हणाला, "काकू, नंबर सांगा."

"ओटीपी कोणालेच सांगू नये म्हणतात न बँकवाले?"

त्यानं मान खाली घातली आणि अर्ज उघडलेला आपला मोबाइल तिच्याच हातात दिला. तिनं स्वतः आकडे टाकले. हळूहळू, एकेक.

बँकेत तिच्याच नावानं अर्ज करायचा होता, म्हणून तिचं पासबुक बाहेर निघालं. मला वाटलं होतं, गॅसच्या सबसिडीपुरतं खातं असेल. काउंटरवरच्या मुलीनं रक्कम सांगितली तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर बसलो. फार मोठी नव्हती, पण माझ्या कल्पनेपेक्षा पुष्कळ होती. मुंगवड्यांची होती. कर्ज अर्धंच घ्यावं, असं तिनं ठरवलं, उरलेलं थोडं माझ्या ठेवीतून, थोडं तिच्या खात्यातून. मी ठेव पूर्ण मोडतो म्हणालो. ती म्हणाली, "काऊन? घर दोघायचं हाय."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सांगाडा उभा राहिला. मोडका कूलर आणि खाट भंगारवाला घेऊन गेला. सहा पॅनल दोन दिवसांत चढले. पण नव्या मीटरसाठी, म्हणजे आपली जास्तीची वीज तारेत गेली तर तीही मोजणाऱ्या मीटरसाठी, थांबावं लागलं. महिना गेला, वर काही दिवस गेले. पॅनल वर चमकत होते आणि खाली जुनंच मीटर फिरत होतं. मी दर दोन दिवसांनी विजेच्या ऑफिसात जायचो. तिथल्या बाबूच्या टेबलावर कागदांचे गठ्ठे होते. मला त्याचा राग आला नाही, कारण असे गठ्ठे मीही पस्तीस वर्षं उपसले होते. "या महिन्यात बम अर्ज आले, साहेब," तो म्हणायचा. "होऊन जाईन." आणि एप्रिलच्या शेवटी झालंही. दोन माणसं आली, तपासणी केली, मीटर बदललं, बायकोची सही घेतली. मी सहीसाठी पेन पुढं केलं, तेवढंच माझं काम.

त्या दुपारी मी कूलर लावायला उठलो तर तो आधीच चालू होता. ती समोर बसून पेपर वाचत होती, पाय लांब करून. तीस वर्षांत मी तिला दुपारी अशी बसलेली पाहिली नव्हती. मी पण एक पान घेतलं आणि शेजारी बसलो.

सबसिडीचा मेसेज तीन-चार आठवड्यांनी आला, तिच्या मोबाइलवर. ती गच्चीवर होती, म्हणून मी मोबाइल घेऊन वर धावलो. तिनं वाचला, म्हणाली, "आलं बरं," आणि मोबाइल पदराला पुसून मला परत दिला. पहिलं बिल आलं तेव्हा मात्र मी थोडा हिरमुसलो. मला शून्य पाहिजे होतं. कागदावर स्थिर आकार म्हणून काही रक्कम उरलीच होती.

"ज्याची तार वापरतो त्याले भाडं द्याच लागन," ती म्हणाली. "मागच्या मे महिन्याचं बिल काढून पाहा अन् मंग तोंड पाडजा."

मी काढून पाहिलं. तोंड पाडायचं कारण उरलं नाही.

त्या उन्हाळ्यात दक्षिणेकडे वड्या, कुरड्या, मिरच्या नेहमीसारख्या वाळल्या. वाटणासाठी तिनं मोठं ग्राइंडर घेतलं आणि ते दिवसा, ऊन असताना चालवायचं असा नियम केला. बारा वाजले की चौघीजणी पॅनलखालच्या सावलीत डबे उघडायच्या. खालून गार पाण्याची कळशी वर नेणं हे माझं काम. कधी मला थांबवून घ्यायच्या, कधी नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ढग दाटले की वीज कमी बनायची. मी मोबाइलवर आकडे बघून काळजी करायचो. ती आभाळाकडे बघून म्हणायची, "परवा उघडन." बहुतेक वेळा उघडायचं.

मग दिवाळीच्या आधी एका सकाळी सोलरवाल्याचा फोन आला. मला वाटलं पॅनल धुण्याबद्दल असेल.

"भाऊ, काकू हायेत का?"

मी फोन तिला दिला. नालवाडीत एक जुनं घर होतं. बाजूला झाडं, पलीकडे उंच इमारत. मोबाइल एक सांगत होता, पण त्याचं मन धजत नव्हतं. काकूंनी एकदा येऊन पाहिलं तर बरं होईल, असं तो म्हणत होता. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी स्कूटरची चावी शोधायला लागलो.

त्या घरी एक निवृत्त मास्तर आम्हाला गच्चीवर घेऊन गेले. हातात फाइल, फाइलमध्ये आकड्यांचा कागद, अगदी माझ्यासारखा. ते सबसिडीबद्दल बोलायला लागले. सोलरवाला टेप काढायला लागला. बायको गच्चीच्या मध्यावर उभी राहिली, चारही बाजूंना एकदा पाहिलं आणि मग जिन्याच्या दाराशी उभ्या असलेल्या मास्तरीणबाईंकडे वळली. त्या मघापासून चहाचं विचारून नुसत्या उभ्या होत्या.

"ताई, या न इकडे," बायको म्हणाली. "तुमी इथी काय काय वाळवता?"

मास्तर बोलायचे थांबले. त्या बाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग पदर खोचला आणि पुढं आल्या. "हिवाळ्यात बोरं," त्या म्हणाल्या. "या बाजूले. अन् तिकडे, त्या कोपऱ्यात, तीननंतर ऊन राहातच नाई, म्हणून तिकडे मी काई टाकत नाई…"

सोलरवाल्यानं टेप गुंडाळून खिशात ठेवली आणि वही उघडली.